फॉक्सप्रोची खातेवही, ६४ बिटांचे यंत्र

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सर्वसाधारण आधार थांबवला. चर्चा झाली ती सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद होण्याची आणि नवे संगणक घ्यावे लागण्याची. या तारखेची दुसरी झळ मात्र पतसंस्था, शाळांची कार्यालये, आडत्यांच्या पेढ्या आणि जुनी ग्रंथालये यांना अधिक लागणार आहे. विंडोज १०ची ३२ बिटांची आवृत्ती ही डॉसचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय स्वतःजवळ असलेली शेवटची विंडोज. विंडोज ११ फक्त ६४ बिटांची निघाली. त्यामुळे १९९०च्या दशकात एखाद्या स्थानिक प्रोग्रॅमरने डीबेस, क्लिपर किंवा फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर उघडायला गेले, की तो या संगणकावर चालणार नाही एवढाच निरोप पडद्यावर येतो.

त्यानंतर बहुधा दोनपैकी एक होते. जुना संगणक जीव जाईपर्यंत कोपऱ्यात चालवत ठेवतात, नाहीतर नवे पॅकेज घेऊन मागच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदींवर पाणी सोडतात. मला दोन्ही गोष्टी अकारण वाटतात. त्या नोंदी जवळजवळ नेहमीच वाचवता येतात आणि प्रोग्रॅमही बऱ्याचदा पुन्हा चालतो. खरा धोका आहे तो दोन ठिकाणी, जिथे सहसा कोणी पाहत नाही: मराठीत भरलेल्या मजकुरात आणि प्रोग्रॅमच्या ओळींत लिहिलेल्या व्यवहाराच्या नियमांत.

डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो या घराण्याचा मूळपुरुष डीबेस. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस घरच्या छोट्या संगणकावर तो लिहिला. लॅबोरेटरीतल्या मोठ्या संगणकावरच्या ‘जेपीएलडिस’ या प्रणालीवरून त्यांना कल्पना सुचली होती. ॲश्टन-टेट कंपनीने तो ‘डीबेस टू’ नावाने बाजारात आणला. १९८४मध्ये ‘डीबेस थ्री’ आला आणि त्याच्या डीबीएफ या नोंदींच्या फाइलची रचना पुढे साऱ्यांनी उचलली. नॅन्टुकेट कंपनीचा क्लिपर आला, ओहायोतल्या फॉक्स सॉफ्टवेअरचा फॉक्सप्रो आला. ॲश्टन-टेटने १९८८मध्ये फॉक्सवर खटला भरला, पण १९९१मध्ये बोरलँडने ॲश्टन-टेट विकत घेताना अमेरिकी न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत हा दावा सोडून दिला. हे सांगायचे कारण असे, की त्या भाषेवर आणि फाइलच्या त्या रचनेवर कोणा एका कंपनीची मालकी शिल्लक राहिली नाही. आज या फाइली उघडणारी इतकी साधने आहेत, ती यामुळेच. मायक्रोसॉफ्टने १९९२मध्ये फॉक्स सॉफ्टवेअर घेतले, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९पर्यंत मजल मारली, २००७मध्ये पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०१५मध्ये आधारही संपवला.

आता अडचण नेमकी कुठे येते? डॉसचे प्रोग्रॅम १६ बिटांचे. १९८५च्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये इंटेलने अशी सोय ठेवली होती, की मोठ्या प्रणालीच्या पोटात एक बनावट जुना ८०८६ उभा करता येई. १९९३च्या विंडोज एनटीपासून मायक्रोसॉफ्टने तिच्याच आधारावर ‘एनटीव्हीडीएम’ हा घटक दिला आणि पुढच्या ३२ बिटांच्या प्रत्येक विंडोजमध्ये तो राहिला. प्रोसेसर ६४ बिटांच्या अवस्थेत गेला की मात्र ही सोय बंद पडते. तशी ती त्याच्या आराखड्यातच बंद केलेली आहे. म्हणून ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ची कितीही बटणे दाबली तरी १६ बिटांचा प्रोग्रॅम ६४ बिटांच्या विंडोजवर चालू होत नाही. या बटणांमागे लोकांचे दिवसच्या दिवस जातात, म्हणून हे स्पष्ट लिहितो आहे.

गंमत अशी, की यातले काही प्रोग्रॅम ६४ बिटांच्या विंडोजच्या कितीतरी आधी, यंत्र वेगवान झाल्यामुळे बंद पडले होते. फॉक्सप्रो २ची आवृत्ती सुरू होताना यंत्राचा वेग मोजून पाहत असे. ठरावीक फेऱ्यांना किती वेळ लागला हे पाहायचे आणि त्या वेळाने भागायचे. पेंटियम प्रोसेसर एका मर्यादेपलीकडे वेगवान झाले तेव्हा लागलेला वेळ शून्य भरू लागला आणि पहिल्याच पायरीवर शून्याने भागाकाराची चूक येऊन प्रोग्रॅम थांबू लागला. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या काही प्रोग्रॅमांना यंत्राच्या वेगामुळेच ‘रनटाइम एरर २००’ येई. दोन्हींसाठी दुरुस्तीचे छोटे प्रोग्रॅम निघाले, ते आजही लागतात.

प्रोग्रॅम पुन्हा चालवण्याचे मार्ग तीन-चार आहेत. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या, आभासी यंत्र उभे करणाऱ्या साधनात ३२ बिटांची जुनी विंडोज किंवा फ्रीडॉस बसवणे हा सर्वांत भरवशाचा. डॉसबॉक्स २००२पासून आहे आणि प्रसिद्धही आहे, पण तो मुळात खेळांसाठी बनवलेला. एकाच वेळी दोघे जण एकच नोंद बदलू लागले तर लागणारे कुलूप त्याच्या मूळ रूपात नीट सांभाळले जात नाही. एकट्याने वापरायला ठीक, तीन खिडक्यांच्या पतसंस्थेत नको. त्यावरूनच बेतलेला व्हीडॉस हा कार्यालयीन कामाच्या, अक्षरी पडद्याच्या प्रोग्रॅमांसाठी आहे. छपाईसाठी एलपीटी१ या प्रिंटरच्या जुन्या पोर्टकडे गेलेला मजकूर तो विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतो. छपाई ही क्षुल्लक बाब समजू नये. जुना प्रोग्रॅम अक्षरे बारीक करण्यासाठी प्रिंटरला १५ क्रमांकाचा संकेत पाठवतो आणि पूर्ववत करण्यासाठी १८. डॉट मॅट्रिक्सला तो कळतो. तो न समजणाऱ्या प्रिंटरवर १३२ अक्षरांची ओळ ८० अक्षरांच्या कागदात बसत नाही आणि शिलकेचा रकाना कागदाबाहेर जातो. प्रोग्रॅमची नक्कल होऊ नये म्हणून पॅरलल पोर्टवर लावायचे डोंगल असेल तर आणखी पंचाईत, कारण आजच्या यंत्रांना तो पोर्टच नसतो.

व्हिज्युअल फॉक्सप्रो मात्र ३२ बिटांचा आहे आणि विंडोज ११वर आजही चालतो. त्याचे दुखणे निराळे. २००७मध्ये व्हिस्टा आली तेव्हापासून सामान्य वापरकर्त्याला ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहिण्याची परवानगी नाही. जुने प्रोग्रॅम कोलमडू नयेत म्हणून विंडोज असे लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या खासगी फोल्डरमध्ये वळवते. परिणाम असा, की सकाळी रोखपालाने आपल्या लॉगिनवरून भरलेल्या पावत्या संध्याकाळी त्याच यंत्रावर व्यवस्थापकाला दिसतच नाहीत. एका यंत्रावर दोन खातेवह्या तयार होतात आणि दोन्ही खऱ्या दिसतात. बॅकअप घेणारा मूळ फोल्डरची प्रत घेतो, म्हणजे शिळ्या फाइलींची. यावर उपाय अगदी साधा: माहितीचे फोल्डर ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या बाहेर, थेट ड्राइव्हवर ठेवायचे. पण नोंदी गेल्या असे समजून त्या पुन्हा भरण्याआधी ते खासगी फोल्डर जरूर उघडून पाहावे.

व्हिज्युअल फॉक्सप्रोची माहिती दुसरीकडे न्यायला जो ओडीबीसी ड्रायव्हर लागतो तो ३२ बिटांचाच आहे. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये त्याची मांडणी करण्याची खिडकी ‘सिसवाऊ६४’ फोल्डरमध्ये असते आणि ६४ बिटांवाली ‘सिस्टिम३२’मध्ये. नावे नेमकी उलटी वाटतात, म्हणून ड्रायव्हर बसवूनही सापडत नाही.

प्रोग्रॅम कशानेच चालला नाही, तरी डीबीएफ फाइल हाती असली म्हणजे फार काही बिघडत नाही. या फाइलइतकी सरळ रचना मी क्वचित पाहिली आहे. पहिला बाइट प्रकार सांगतो: डीबेस थ्रीची साधी फाइल असेल तर ३, फॉक्सप्रो २ची, मेमो म्हणजे लांब मजकुराची वेगळी फाइल जोडलेली असेल तर २४५, व्हिज्युअल फॉक्सप्रोची असेल तर ४८. पुढच्या तीन बाइटांत शेवटच्या बदलाचे वर्ष, महिना, दिवस. मग नोंदींची संख्या, मथळ्याची लांबी, एका नोंदीची लांबी. मग प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइट, त्यात रकान्याचे नाव जास्तीत जास्त १० अक्षरांचे. त्यानंतर नोंदी, एकापाठोपाठ एक, सारख्या लांबीच्या. डीबेस थ्रीच्या फाइलीत आकडेसुद्धा साध्या अक्षरांत लिहिलेले असतात आणि तारीख आठ अंकांत, आधी वर्ष. प्रोग्रॅमच्या पडद्यावर ०३/०४/९८ दिसत असेल तर तो मार्च की एप्रिल अशी शंका येते. फाइलीत तशी शंकाच उरत नाही.

प्रत्येक नोंदीच्या आधी एक बाइट असतो. तो रिकामा असला तर नोंद जिवंत, तिथे तारका असली तर खोडलेली. खोडलेली नोंद फाइलीतून जात नाही. कोणी ‘पॅक’ ही आज्ञा देईपर्यंत ती जागच्या जागी राहते. फाइल दुसरीकडे नेताना इकडे लक्ष नसेल तर खोडलेल्या पावत्याही जिवंत होऊन बेरजेत शिरतात. उलट, लेखापरीक्षकाच्या किंवा इतिहास लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्या तारकांचे मोल मोठे आहे. म्हणून आधी मूळ फाइलींची, त्यांच्या मेमो फाइलींसकट, हात न लावलेली एक प्रत वेगळी काढावी. इंडेक्स फाइलींची चिंता नको, त्या पुन्हा तयार होतात. लिबरऑफिस डीबीएफ उघडते. एस्री कंपनीच्या शेपफाइल या नकाशांच्या रचनेत गावांची नावे आणि आकडे आजही डीबीएफमध्येच असतात आणि रकान्याच्या नावाची १० अक्षरांची मर्यादा त्यामुळेच नकाशे करणाऱ्यांच्या वाट्याला आली आहे. ही फाइलरचना इतक्यात अंतर्धान पावणार नाही.

मराठीची गोष्ट वेगळी, आणि मला सर्वांत काळजी तिची वाटते. डॉसवर देवनागरी आली ती जिस्ट कार्डामुळे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. संगणकाच्या आत खोवायचे हे कार्ड पडद्यावर जाणारा मजकूर मध्येच अडवून देवनागरीत काढून दाखवी. डीबेसला किंवा फॉक्सप्रोला याचा पत्ताही नसे. त्यांच्या लेखी ते नेहमीचे बाइटच होते. त्यामागचे ‘इस्की’ हे संकेतमानक १९९१मध्ये आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागा तशाच ठेवून वरच्या १२८ जागांत भारतीय लिप्या बसवल्या होत्या. आजच्या मदरबोर्डांवर त्या कार्डाला जागा नाही. कार्ड गेले की मागे राहतात नुसते बाइट.

इस्कीत ‘क’चा क्रमांक १७९, ‘म’चा २०४, ‘ल’चा २०९. आयबीएम पीसीच्या डॉसमध्ये याच क्रमांकांना चौकटी आखण्याच्या रेघा आहेत. म्हणून इस्कीत लिहिलेली ‘कमल’ कार्डाशिवायच्या पडद्यावर एक उभी रेघ आणि चौकटींचे दोन सांधे होऊन उभी राहते. हा संघर्ष टाळण्यासाठी जागा बदललेली ‘पीसी-इस्की’ ही रचनाही वापरात होती. म्हणून फाइल कुठली आहे हे ठरवल्याशिवाय रूपांतराला हात घालू नये. एक-दोन ओळखीची आडनावे, गावाचे नाव शोधून बाइट मोजून पाहावेत, दहा मिनिटांत उलगडा होतो. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच १९८८च्या आराखड्यावर उभी असल्याने पुढचे काम सोपे असते.

विंडोजच्या काळात भरलेल्या फाइली त्याहून अवघड. तिथे अक्षराऐवजी फॉन्टमधल्या तुकड्यांचे क्रमांक साठवले गेले: अर्धा क वेगळा, काना वेगळा, ऱ्हस्व वेलांटी तर व्यंजनाच्या आधी, कारण ती दिसते तिथेच टंकली जाई. प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा. फॉन्टचे नाव फाइलीत कुठेच नसते, ते प्रोग्रॅममध्ये किंवा यंत्राच्या फॉन्ट फोल्डरमध्ये असते. म्हणजे जुने यंत्र भंगारात देताना मराठी नोंदींची किल्लीही भंगारात जाते. ते फोल्डर आधी वाचवले पाहिजे.

रूपांतर झाल्यावरही ‘कऱ्हाड’ शोधून पाहावे. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो, एकदा ऱ आणि हलन्ताने, एकदा र, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधणाऱ्या प्रोग्रॅमला वेगळे. एक प्रकार ठरवून सगळ्या नोंदी त्यात आणल्या नाहीत, तर कऱ्हाडचे अर्धे सभासद यादीत सापडत नाहीत.

राहिले नियम. क्लिपरचा मूळ मजकूर, म्हणजे पीआरजी फाइली, हाताशी असतील तर हार्बर हा खुला कंपायलर त्यांतून ६४ बिटांचा प्रोग्रॅम बनवू शकतो. पण हार्बर वापरा किंवा सगळे नव्याने लिहा, त्या ओळी वाचल्याशिवाय सुटका नाही. ३१ मार्च २०१०पर्यंत बँका बचत खात्याचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर देत. १ एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने ते रोजच्या शिलकेवर मोजले जाऊ लागले. असा बदल कागदावर परिपत्रकात असतो आणि प्रोग्रॅममध्ये तारखेची एक अट होऊन बसतो. परिपत्रक हरवले तरी ती अट राहते. जुन्या खात्याचे व्याज पुन्हा मोजायची वेळ आली तर पुरावा तोच.

आकडे पूर्ण करण्याची रीतही पाहावी लागते. फॉक्सप्रोची ‘राउंड’ आज्ञा २.५चे ३ करते, पायथनची त्याच नावाची आज्ञा २ करते, कारण ती अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. हजारो खात्यांच्या व्याजात मात्र त्यांच्यामुळे तेरीज जुळत नाही, आणि फरक पैशांचा असल्याने तो शोधायला रुपयांच्या फरकापेक्षा जास्त दिवस लागतात. म्हणून जुना प्रोग्रॅम आभासी यंत्रात चालता ठेवून निदान एक मार्चअखेर दोन्हीकडे काढावी, खात्यागणिक व्याज ताडून पाहावे आणि प्रत्येक फरकासमोर तो कोणत्या ओळीमुळे पडला हे लिहावे. या कामाला प्रोग्रॅमरइतकाच तो हिशेब वर्षानुवर्षे हाताळलेला कारकून लागतो, आणि तो निवृत्त होण्याआधी त्याला बोलावले पाहिजे.