बॅरिस्टर खोब्रागडे आणि राज्यसभेची खुर्ची

अंबडच्या कोर्टात आपला एखादा मुलगा काळा कोट घालून उभा राहिला की वस्तीला वाटते, हा उद्या दिल्लीला जाईल आणि आपले प्रश्न सुटतील. पण वकील दिल्लीला गेला म्हणजे त्याच्या हाती नेमके काय येते? बॅरिस्टर भाऊराव ऊर्फ राजाभाऊ खोब्रागडे यांची कारकीर्द या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

१९२५ साली जन्मलेले खोब्रागडे इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला परतले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. त्या सोहळ्याच्या आयोजनात ते पुढे होते. १९५८ मध्ये ते राज्यसभेवर गेले. या सभागृहासाठी जनता मत देत नाही, आमदार देतात. म्हणून लहान पक्षाच्या माणसाला तेथे पोहोचायला इतरांची मते लागतात. डिसेंबर १९६९ मध्ये ते उपसभापती झाले व १९७२ पर्यंत त्या पदावर होते.

ज्याच्या बापजाद्यांना चावडीवर बसू दिले नाही, त्याने देशाच्या सभागृहाला शिस्त लावावी, ही साधी गोष्ट नव्हे. पण त्या खुर्चीची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. अध्यक्षस्थानी बसणाऱ्याला पहिले मत नसते. दोन्ही बाजूंना समान मते पडली, तरच तो निर्णायक मत देतो. मान खुर्चीला असतो, कायदा मात्र संख्येने होतो.

याचा दाखला आपल्याच घरात आहे. दीक्षा घेतलेल्यांचे नाव अनुसूचित जातींतून गळाले. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्राने दिल्या नाहीत. माझ्या चुलत्यांचा बौद्ध असल्याचा दाखला राज्याच्या अर्जाला चालला, केंद्राच्या अर्जाला चालला नाही. त्यांनी पुढे आयुष्यभर हमाली केली. रिपब्लिकन पक्षाने १९६४ मध्ये ही मागणी भूमिहीनांच्या जमिनीच्या मागणीबरोबर मांडली. ६ डिसेंबरपासून सत्याग्रह झाला, माणसांनी तुरुंग भरले. तरीही हिंदू आणि शीख या शब्दांपुढे ‘बौद्ध’ हा शब्द कायद्यात यायला १९९० साल उजाडले. खोब्रागडे ९ एप्रिल १९८४ रोजीच गेले होते.

एका शब्दासाठी चौतीस वर्षे! दोष त्या एकट्या माणसाचा नव्हता. त्याला दिल्लीला पाठवून आपण गटागटांत फुटत राहिलो. वकील अवश्य घडवावेत, पण त्याच्या मागे हात वर करणारी माणसे कोण घडवणार?