इंग्रजी पत्रातला अदब

संगमेश्वर, कडवई, फुणगूस या भागातील अनेक घरांतले कोणी ना कोणी कुवेत, दोहा किंवा दुबईत असते. कंपनीला, बँकेला, वकिलातीला इंग्रजी पत्र लिहायची वेळ आली की कागद कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या हाती येतो. आणि तिथेच प्रश्न पडतो, साहेबांना मान द्यायचा कसा?

मराठीत तू, तुम्ही, आपण आहे. इंग्रजीत सर्वांना एकच 'यू'. मग आदरापोटी मुले त्याचे पहिले अक्षर मोठे काढतात. पण वाक्याच्या मध्ये ते लहानच हवे. 'आय' मात्र नेहमी मोठा. त्यात अहंकार नाही, ती केवळ रूढी आहे. राजदूतांना लिहिताना 'युअर एक्सलन्सी'ची दोन्ही आद्याक्षरे मोठी, कारण तो किताब आहे.

दुसरी अडचण अधिक महागात पडणारी. 'अब्बा आजारी आहेत, त्यांचे ऑपरेशन आहे' हे रजेच्या अर्जात 'दे आर' असे उतरले, तर वाचणाऱ्याला कळत नाही की आजारी एक आहे की अनेक. तिथे 'ही इज' लिहावे. त्याने अब्बांचा मान कमी होत नाही.

मग अदब कुठे दिसतो? नाव पासपोर्टप्रमाणे अचूक लिहिण्यात, हुद्दा बरोबर देण्यात, हुकमाऐवजी 'कुड यू' अशी विनंती करण्यात. 'डिअर सर'ने सुरू केलेले पत्र 'युअर्स फेथफुली'ने संपवावे. नावाने सुरू केलेले 'युअर्स सिन्सिअरली'ने.

अल्लाहसाठी मात्र 'ही'चे आद्याक्षर मोठे लिहिण्याची पद्धत आहे. अब्दुल्ला यूसुफ अली आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक राहिलेले मार्माड्यूक पिक्थॉल यांच्या कुरआनच्या भाषांतरांत ती दिसते. अल्लाहला उद्देशून दोघांनीही जुने एकवचनी 'दाऊ' वापरले. अरबी लिपीत तर मोठी अक्षरेच नाहीत. आपणही दुआ मागताना अल्लाहला 'तू'च म्हणतो, आणि त्या 'तू'मध्ये बेअदबी नसते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रोमचा बादशहा हिरक्ल याला पाठवलेल्या पत्रात त्याला 'रोमचा थोर प्रमुख' असे संबोधले होते. तो आपल्या धर्माचा नव्हता, तरी त्याच्या पदाचा मान राखला आणि सांगायचे ते थेट सांगितले. आपल्या मुलांनी अर्ज लिहिताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.