22 टक्के व्याज कोण देतं? हैदराबादच्या रोख्यांवरून समजून घ्या व्याजाच्या जोडउत्पन्नाचा हिशेब

हैदराबाद : ग्रेटर हैदराबाद महापालिकेने रस्ते आणि उड्डाणपुलांसाठी फेब्रुवारी 2018 मध्ये रोखे काढून बाजारातून 200 कोटी रुपये उचलले. व्याज ठरलं 8.90 टक्के. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी 195 कोटी 9.38 टक्क्यांनी मिळाले आणि ऑगस्ट 2019 मध्ये 100 कोटींसाठी 10.23 टक्के मोजावे लागले. दरमहा व्याजाच्या उत्पन्नाचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराने हे तीन आकडे लक्षात ठेवावेत. एवढ्या मोठ्या शहराची महापालिका, हातात मालमत्ता कराची हक्काची वसुली, तिला पैसा नऊ-दहा टक्क्यांना मिळतो. मग एखादी नवी कंपनी तोच पैसा 22 टक्क्यांना का घेते?

हा प्रश्न हैदराबादेत हजारो लोकांनी उशिरा विचारला. फेब्रुवारी 2025 मध्ये सायबराबाद पोलिसांनी ‘फाल्कन इन्व्हॉइस डिस्काउंटिंग’ प्रकरणात अटका केल्या. नामांकित कंपन्यांची थकीत बिलं विकत घ्यायची, 45 ते 180 दिवसांत पैसे परत, वार्षिक परतावा 11 ते 22 टक्के, अशी ती योजना सांगितली जात होती. सुमारे 1,700 कोटी गोळा झाले आणि त्यातले निम्मे, म्हणजे साधारण 850 कोटी परत मिळालेच नाहीत, असा पोलिसांचा आरोप आहे. यात खरी मेख 22 नव्हे, 11 टक्क्यांत होती. 11 टक्के ऐकून कुणाला शंका येत नाही. सुरुवातीचे पैसे वेळेवर येतात, मग भाऊजी घालतात, मग शेजारी घालतात.

रोखा म्हणजे नेमकं काय?

रोखा ही कर्जाची चिठ्ठी. घेणारा सावकार, काढणारा कर्जदार. सरकार, महापालिका किंवा कंपनी ठरलेल्या तारखेला व्याज देते आणि मुदत संपली की मुद्दल. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, रोख्याला ते नाही. त्यामुळे व्याजदराच्या आधी कर्जदाराचं नाव बघायचं असतं. मार्च 2020 मध्ये येस बँकेचे ‘एटी-1’ प्रकारचे 8,415 कोटींचे रोखे शून्यावर आणले गेले. बँक वाचली, ठेवीदार वाचले, पण ते रोखे घेणारे बुडाले. त्यांत फिक्स डिपॉझिटसारखंच आहे म्हणून गळ्यात मारलेले निवृत्त लोकही होते.

हैदराबाद महापालिकेचे रोखे मात्र सामान्य ग्राहकाच्या हाती आलेच नाहीत. बीएसईच्या इलेक्ट्रॉनिक बोलीत मोठ्या संस्थांनी ते घेतले. पुणे महापालिकेच्या जून 2017 मधल्या 200 कोटींच्या, 7.59 टक्क्यांच्या पाणीपुरवठा रोख्यांचंही तसंच. थेट जनतेला विकलेला महापालिकेचा अलीकडचा ठळक रोखा फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूरने काढला, 8.25 टक्क्यांचा.

मग साध्या माणसानं काय घ्यायचं?

सरकारी कागद. रिझर्व्ह बँकेने 12 नोव्हेंबर 2021 ला ‘रिटेल डायरेक्ट’ सुरू केलं. पॅन, बचत खातं, मोबाइल आणि ई-मेल एवढ्यावर घरबसल्या खातं उघडतं, त्याला शुल्क नाही, आणि किमान 10,000 रुपयांपासून सरकारी रोखे घेता येतात. सीमेवरच्या वाचकासाठी यात एक गंमत आहे. केंद्राच्या रोख्यांबरोबर राज्यांचे रोखेही इथे मिळतात, त्यांचा लिलाव साधारणपणे मंगळवारी होतो आणि व्याज केंद्रापेक्षा थोडं जास्त असतं. म्हणजे देगलूरचा माणूस हैदराबादेत बसून एकाच खात्यातून महाराष्ट्रालाही कर्ज देऊ शकतो आणि तेलंगणालाही!

त्याहून सोपा कागद म्हणजे भारत सरकारचे फ्लोटिंग रेट बचत रोखे. किमान 1,000 रुपये, मुदत सात वर्षं, व्याज 1 जानेवारी आणि 1 जुलैला थेट खात्यात. दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा 0.35 टक्के जास्त ठेवलेला असतो. 2025 मध्ये तो 8.05 टक्के होता. अट एवढीच की साठीच्या आतल्या माणसाला सात वर्षं हात लावता येत नाही. साठी ओलांडलेल्यांना वयानुसार चार ते सहा वर्षांनी, थोडं व्याज सोडून, पैसे काढता येतात.

आता हिशेब. समजा काचीगुड्यातल्या एका निवृत्त जोडप्याकडे 25 लाख आहेत. 10 लाखांचे हे रोखे घेतले तर वर्षाला 80,500, म्हणजे महिन्याला साधारण 6,700 रुपये. उरलेले 15 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावे ठेवले (संयुक्त खात्याची मर्यादा तेवढीच आहे) तर 7.4 टक्क्यांनी महिन्याला 9,250. दोन्ही मिळून 16,000 च्या आसपास. साठी झालेल्यांनी त्याआधी ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघावी. तिथे 2025 मध्ये 8.2 टक्के होते, मर्यादा 30 लाख आणि व्याज दर तीन महिन्यांनी. पोस्टाचं खातं निझामाबादहून नांदेडला हलवता येतं, योजना केंद्राच्या असल्याने राज्य बदलल्याने दर बदलत नाही.

16,000 रुपयांत औषधं, वीजबिल, किराणा भागतो. घरभाडं भागत नाही. आणि हेच 16,000 दहा वर्षांनीही 16,000 च राहतील, हे कुणी सांगत नाही. महागाई पाच टक्के धरली तर तेव्हा त्यात आजच्या 9,800 रुपयांचा बाजार येईल. सगळंच व्याज खर्चून टाकणाऱ्या घराला हा फटका हळूहळू बसतो, म्हणून जमेल तेवढा भाग पुन्हा गुंतवावा लागतो. व्याज उत्पन्नात मिळवून त्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो, तो वेगळाच.

दर वाढले की रोखा का पडतो?

समजा 100 रुपयांचा दहा वर्षांचा रोखा 7 टक्क्यांनी घेतला आणि लगेच बाजारात 8 टक्क्यांचे नवे रोखे आले. जुना आता 100 ला कोण घेईल? त्याची किंमत साधारण 93 वर येते. मुदतीपर्यंत धरला तर काहीच बिघडत नाही, पूर्ण 100 मिळतात. पण मध्येच मुलीचं लग्न निघालं, दवाखाना निघाला, तर 10 लाखांच्या रोख्यावर 70 हजारांचा खड्डा. शिवाय दहा-वीस हजारांच्या छोट्या रोख्याला हवा तेव्हा गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. म्हणून सहा महिन्यांचा खर्च साध्या बँकेत ठेवून उरलेलेच रोख्यात घालायचे, आणि तेही एकदम नव्हे. दोन, पाच, सात वर्षं अशा वेगवेगळ्या मुदतींत वाटले तर दर थोड्या वर्षांनी काही रक्कम मोकळी होते.

कंपन्यांचे रोखेही आता मोबाइलवर 10,000 पासून मिळू लागलेत. ते विकणारं संकेतस्थळ सेबीकडे नोंदलेलं आहे का, हे आधी पाहावं. पण नोंदणी विकणाऱ्याची असते, ती कर्ज फेडण्याची हमी नाही. 12-13 टक्क्यांचा कागद दिसला की महापालिकेचे ते 10.23 आठवावेत.

छोटी जोडकामं

‘पॅसिव्ह इन्कम’ हा शब्द जरा फसवाच. अमीरपेठेत क्लासच्या पोरांना खोली भाड्याने दिली तर मे-जूनमध्ये ती रिकामी राहू शकते, नळ गळतो, भांडण होतं. दिवाळीचा फराळ, पुरणपोळीच्या ऑर्डरी, तेलुगू-मराठी कागदपत्रांचं भाषांतर, शिकवण्या, ही तर सरळ कामंच आहेत, उत्पन्न चांगलं असलं तरी. खऱ्या अर्थाने बसून मिळणारं फक्त व्याज. पण या छोट्या कामांचा एक उपयोग मोठा : महिन्याला पाच हजार इथून आले तर व्याजाचे पाच हजार पुन्हा गुंतवता येतात.

कागद दोन राज्यांत, वारस तिसरीकडे

मराठवाड्यातल्या अनेक घरांची खाती स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होती. 1 एप्रिल 2017 ला ती बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, पासबुकं मात्र ट्रंकेतच राहिली. दहा वर्षं कुणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसांचा हक्क जात नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव टाकून ती शोधता येते. नव्या रोख्यांवर नॉमिनीचं नाव पहिल्याच दिवशी लिहावं आणि स्पेलिंग आधारप्रमाणे ठेवावं. हैदराबादेत आडनाव आधी लावलेलं, परभणीत शेवटी, एवढ्यावरून दावे अडतात.