नेट तुटतंय? आधी लाल दिवा पाहा

कळमेश्वरच्या घरात नेट सारखे तुटू लागले, की संशय हॅकरवर जातो. आधी फायबरच्या डब्यावरचा ‘एलओएस’ दिवा पाहा. तो लाल असेल, तर फायबरमधून प्रकाश पोहोचत नाही, पुरवठादाराला कळवा. दिवा ठीक असेल, तर लॅपटॉप केबलने जोडा. आता नेट नीट चालले, तर अडचण वाय-फायची.

हल्लेही होतात. जुलै २०१६मध्ये मुंबईतील इंटरनेट पुरवठादारांवर बनावट डेटाचा मारा झाला. त्याच वर्षी ‘मिराई’ने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन अशाच माऱ्याला जुंपले. उपकरण बंद करून चालू केले, की मिराई पुसला जाई. पण पासवर्ड तोच राहिला, तर पुन्हा शिरे. म्हणून राउटर नुसता बंद-चालू करू नका, त्याचा पासवर्डही बदला.