कन्सोलला चकवणारे सॉफ्टवेअर

टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल आता आपल्याकडे नवलाईचा राहिलेला नाही. दोन-चार कन्सोल केबलने एकमेकांना जोडले, की एका घरात बरीच मुले एकत्र खेळू शकतात. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सबरोबर आलेला 'हेलो' हा गेम चार कन्सोल जोडून सोळा जणांना खेळता येई. मात्र त्यात इंटरनेटवरून खेळण्याची सोय नव्हती. कंपनीची इंटरनेट सेवा सुरू झाली नोव्हेंबर २००२ मध्ये, आणि पहिल्या एक्सबॉक्सपुरती ती १५ एप्रिल २०१० रोजी बंदही झाली. पैसे मोजून घेतलेल्या गेमचा निम्मा भाग त्या दिवशी मुका झाला. केबलने जोडून खेळण्याचा भाग तेवढा शाबूत राहिला, कारण त्याला कंपनीचा सर्व्हर लागतच नाही.

नेमकी हीच फट 'एक्सलिंक काई' हे मोफत सॉफ्टवेअर वापरते. (हे नाव मराठी कानाला 'काय' असे ऐकू येते, आणि पहिल्यांदा पडदा पाहिल्यावर तोंडूनही तेच निघते!) भाच्याच्या आग्रहामुळे मी ते शिकायला बसलो. कन्सोल आणि संगणक एकाच राउटरला जोडायचे. कन्सोल शेजारच्या कन्सोलला हाका मारतो, तेव्हा संगणकावरची काई त्या हाका टिपते, पाकिटात घालते आणि इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या संगणकाकडे धाडते. तिथली काई पाकीट फोडून मजकूर तिथल्या कन्सोलच्या कानी घालते. दोन्ही कन्सोलना वाटते, आपण एकाच खोलीत आहोत.

आता पडद्यावरच्या मांडणीकडे येऊ. सॉफ्टवेअर दोन भागांचे असते. खरे काम करणारे 'इंजिन' मागे निमूट चालू राहते आणि आपल्याला दिसणारा भाग नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडतो. इंजिन बंद असेल तर समोरचे पान नुसती पाटी ठरते. सुरुवातीला नेटवर्क कार्ड निवडावे लागते. संगणकाला वायरचे आणि वायरलेस अशी दोन कार्डे असतील, तर कन्सोल ज्याच्या वाटेवर आहे तेच निवडायचे. मग 'एक्सटॅग' म्हणजे आपले टोपणनाव घेऊन आत शिरायचे. आत 'अरिना' म्हणजे रिंगणांची यादी असते: आधी कन्सोल, मग त्याचे गेम. आपल्या गेमच्या रिंगणात शिरायचे आणि कन्सोलवर केबलचा पर्याय निवडायचा. काही दिसले नाही, तर बटणे दाबत न बसता 'मेट्रिक्स' हे पान उघडावे. इंजिनला बाहेरून गाठता येते का, हे तिथे लिहिलेले असते. माझ्या मते नवख्याने आधी हेच पान वाचायला शिकावे. गाठता येत नसेल, तर बहुधा राउटरमधला दरवाजा, म्हणजे पोर्ट, उघडावा लागतो.

अमेरिकेतल्या मावसभावाशी खेळता येईल का, हा भाच्याचा पुढचा प्रश्न. त्याच्याकडे एक्सबॉक्स ३६० आहे. केबलच्या खेळात निरोप जाऊन परत यायला हा कन्सोल फक्त ३० मिलिसेकंद देतो. एका खोलीत ते भरपूर आहेत. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यू जर्सी साधारण साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन येऊन पंचवीस हजार, म्हणजे सरळ रेषेत तार टाकली तरी सव्वाशे मिलिसेकंद! इथे कोणतेही बटण कामाला येत नाही. पहिला एक्सबॉक्स याबाबतीत सैल आहे. उशीर जाणवतो, पण खेळ सुरू होतो.

जवळच्या गावांचे गणित मात्र जमू शकते. अडचण निराळीच येते. रिंगणापुढे आत किती माणसे आहेत त्याचा आकडा असतो, आणि जुन्या गेमपुढे तो बहुतेक वेळा शून्य असतो. म्हणून भाचा आणि त्याचा नाशिकचा मित्र आधी फोनवर वेळ ठरवतात, पासवर्ड घालून स्वतःचे रिंगण उघडतात, आणि मगच कन्सोल सुरू करतात.