‘तुमच्या आधारवर दुसरं सिम निघालंय’. असा फोन आला तर काय करायचं?

बेळगाव : आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो. ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, माहितीसाठी नऊ दाबा.’ नऊ दाबलं की ‘ट्राय’चा माणूस हिंदीत बोलतो. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय म्हणतो आणि फोन ‘मुंबई क्राइम ब्रँच’ला जोडून देतो. आपलं नाव, पत्ता, आधारचे शेवटचे चार आकडे तो धडाधड सांगतो. इथंच माणूस गारठतो.

पण माहिती असणं म्हणजे अधिकारी असणं नव्हे. लॉज, सिमचं दुकान, कर्जाचा अर्ज; आधारची झेरॉक्स आपण कुठं कुठं देतो ते आठवून बघा. त्याच्याकडे नसतं ते ओटीपी, कार्डाचा फोटो आणि व्हिडिओ कॉलवरचा आपला चेहरा. फोन त्यासाठीच असतो. ते मिळालं की आपल्या नावावर सिम किंवा कर्ज काढायची वाट मोकळी होते.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. ट्राय कुणालाही फोन करून नंबर बंद करत नाही. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाहीच.

फोन ठेवल्यावर काय करायचं? संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर तिथंच कळवता येतो. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. झेरॉक्सऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ चालत असेल तिथं तेच द्या. सिबिलसारख्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा क्रेडिट अहवाल फुकट मिळतो. आपण न काढलेलं कर्ज त्यात सापडतं.

पैसे गेलेच तर लगेच 1930 लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवता येतील, तेवढाच वेळ हातात असतो. हा नंबर कर्नाटकात चालतो, महाराष्ट्रात आणि गोव्यातही.

सीमाभागात नेहमीचा प्रश्न हद्दीचा. पैसे निपाणीतून गेले, खातं कोल्हापूरचं, फोन भलतीकडचा. मग तक्रार कुठं? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठंही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती जवळच्या ठाण्यात देता येते. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवलं, तर हे कलम दाखवा.