सुई टोचण्याआधीचे चित्र

एमआरआयसाठी माझ्याकडे येणारे साठीपुढचे गृहस्थ बहुधा एकच कागद पुढे करतात. त्यावर वाढलेल्या ‘पीएसए’चा आकडा असतो. सोबत मुलगा असतो आणि ‘कॅन्सर’ हा शब्द दोघेही टाळतात.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. वयोमानाने ग्रंथी वाढली किंवा तिला सूज आली, तरी रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. म्हणजे आकडा शंका घेतो, निदान करत नाही.

पूर्वी अशा वेळी थेट बायॉप्सी करीत. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण गाठ अनेकदा दिसत नाही. त्यामुळे दहा-बारा ठिकाणचे तुकडे अंदाजानेच घ्यावे लागत. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर झालेल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली आले. उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचे कर्करोग अशा बायॉप्सीने ४८ टक्के ओळखले, एमआरआयने ९३ टक्के. मात्र एमआरआय कारण नसतानाही बऱ्याचदा संशय घेतो. म्हणून बायॉप्सी सुटत नाही. सुई कुठे टोचायची, ते कळते.

या तपासणीत हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात. लोक त्याला ‘डाय’ म्हणतात. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी घाईघाईने नव्या रक्तवाहिन्या उभारते, आणि त्या गळक्या असतात. औषध तिथे आजूबाजूच्या भागाआधी शिरते, अनेकदा लवकर बाहेरही पडते. आम्ही दर काही सेकंदांनी चित्र घेत ही लगबग टिपतो. अर्थात सुजेचा भागही असाच उजळतो, त्यामुळे एवढ्यावरच विसंबता येत नाही. ग्रंथीची रचना आणि पेशींच्या दाटीत अडणारी पाण्याची हालचाल, ही चित्रे आधी पाहायची.

मग डाय हवाच का? २०२५ साली ‘प्राइम’ अभ्यासात १२ देशांतल्या ४९० पुरुषांची चित्रे आधी डायविना, नंतर डायसह तपासली. महत्त्वाचे कर्करोग सापडले अनुक्रमे २९.२ आणि २९.६ टक्के पुरुषांत! चित्रे उत्तम असतील तर डाय वगळावा, असे माझेही मत झाले आहे. वेळ वाचतो, खर्चही. पण खुब्यात धातूचा सांधा असला की पाण्याच्या हालचालीचे चित्र वेडेवाकडे येते. तिथे डायच कामी येतो.

असा सांधा, पेसमेकर किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर नाव नोंदवतानाच सांगावे. टेबलावर झोपल्यावर नव्हे.